खवले मांजराची कोलांटी

एका जंगलात एक खाडी होती. खरं म्हणजे खाडीच्या काठाला जंगल होतं, पण गोष्ट जंगलापासून सुरू करायची रीत आहे, आणि रीत मोडली की मोठी माणसं रागावतात. तर एका जंगलात एक खाडी होती. खाडीच्या तोंडाशी समुद्र होता. दुपार झाली की तिथे आडवा वारा सुटायचा आणि लाटा उठायच्या.

मुलांनो, जंगल म्हटलं की प्राणी आलेच. हे प्राणी पूर्वी साधे होते. भूक लागली की खायचे, झोप आली की झोपायचे. मग त्यांना एक खेळ सापडला.

खेळ असा. एक लांब फळी घ्यायची. तिच्यावर डोलकाठी उभी करायची आणि तिला शीड बांधायचं. शिडाला छातीच्या उंचीवर एक आडवी दांडी असते. फळीवर उभं राहायचं, पाय वेलीच्या पट्ट्यांत अडकवायचे, दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि वाऱ्यावर सुसाट सुटायचं. फळ्या फुटक्या होड्यांच्या मिळायच्या. शिडं शिंपी पक्षी शिवून द्यायचा, सागाची पानं जोडून. सशापासून अस्वलापर्यंत सगळे खाडीत जायचे, पडायचे, खिदळायचे आणि ओले होऊन घरी यायचे. इथवर सगळं ठीक होतं.

एक दिवस समुद्रावरचा कुरव पक्षी बातमी घेऊन आला.

"खाडीपलीकडच्या जंगलातला रानडुक्कर आता हवेत कोलांटी मारतो," तो म्हणाला. "लाटेवरून उडतो. फळी आणि शिडासकट पुढच्या बाजूला अख्खा उलटतो. आणि पुन्हा फळीवर उभाच्या उभा!"

"डुक्कर?" जंगलाचे राजे वाघोबा म्हणाले.

"डुक्कर," कुरव म्हणाला.

त्या दिवशी वाघोबांना जेवण गेलं नाही. हरणांना बरं वाटलं, पण ते त्यांनी तोंडावर दिसू दिलं नाही.

वाघोबांनी आपल्या कारभाऱ्याला बोलावलं. कारभारी कोल्हा होता. गोष्टीत तो नेहमी कोल्हाच असतो, त्याला मी काय करू?

"कारभारी, पलीकडे डुक्कर उलटतं आणि आपल्याकडे कोणी उलटत नाही. असं का?"

"महाराज," कोल्हा म्हणाला, "आपल्याकडे इमारत नाही."

कोल्ह्याला काहीही विचारलं की तो हेच सांगायचा. मागच्या साली पाऊस कमी पडला तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं.

"कसली इमारत?"

"कोलांटी भवन. खाडीकाठच्या टेकाडावर. वर बसून महाराजांना कोलांट्या दिसतील. तिथे एक जुनं वारूळ आहे, ते सपाट केलं की झालं."

वाघोबांनी विचार केला. त्यांना विचार करताना शेपटी हलवावी लागायची.

"पुनवेच्या उधाणापर्यंत थांबू," ते म्हणाले. "तोवर कुणी कोलांटी मारली, तर इमारत कशाला हवी? नाही मारली, तर दुसऱ्या दिवशी वारूळ सपाट. आणि जो मारेल त्याने आमच्याकडे मागावं, हवं ते. शब्द दिला."

कोल्ह्याने मान लववली. कोलांटी कुणी मारणार नाही याची त्याला खात्री होती, आणि त्याने लाकडं तोडायला सुरुवातही केली होती.

आता त्या वारुळाच्या पायथ्याशी कोण राहायचं? मागच्या बाकावर चुळबुळ नको. ऐका.

तिथे गुंडू नावाचं खवले मांजर राहायचं. खवले मांजर तुम्ही पाहिलं नसेल. त्याच्यात मांजराचं काही नाही. लांबट तोंड, त्याहून लांब जीभ, दात एकही नाही, आणि अंगभर कौलांसारखे एकावर एक खवले. ते वाळवी खातं. गुंडू आणि त्याची बायको यमू त्या एका वारुळावर सुखाने जगत होते. रोज थोडं उकरायचं, थोडी वाळवी चाटायची, आणि वाळवी तेवढं वारूळ पुन्हा बांधून काढायची. असं भरलेलं ताट कुणाच्या नशिबी असतं?

गुंडूला एकच खोड होती. तो भित्रा होता. म्हणजे सगळी खवले मांजरं भित्री असतात, पण गुंडूने त्यात नाव काढलं होतं. चिंच पडली, हा गोळा. फांदी हलली, हा गोळा. सासुरवाडीचं कुणी आलं, हा आधीच गोळा. डोकं पोटात, शेपटी वरून, हातात जे असेल ते छातीशी घट्ट. आणि भ्यायला की त्याचे कानही आपोआप मिटायचे. देवाने खवले मांजराला ती सोय दिलेली आहे. मग बाहेर ढोल वाजवला तरी त्याला ऐकू जायचं नाही.

वारूळ जाणार ही बातमी ऐकून गुंडू गोळा झाला. यमूने त्याला बिळाबाहेर ढकलत आणलं.

"आपलं ताट उचलून न्यायला निघालेत, आणि तुम्ही गोळा होऊन बसा!" ती म्हणाली. "जा, त्या कारभाऱ्याला जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"सांगा, आम्ही खायचं काय म्हणून!"

गुंडू कोल्ह्याकडे गेला. एका झाडामागून त्याने आपलं म्हणणं मांडलं.

कोल्हा गोड हसला. "गुंडूशेठ, माझ्या हातात काय आहे? उधाणाच्या आत कुणी कोलांटी मारली तर वारूळ राहिलं. नाही तर विकास."

हे ऐकून गुंडूच्या पोटात गोळा आला. या वेळी तो स्वतः झाला नाही, हे विशेष. कारण त्याला खरोखर रडू येत होतं. ते वारूळ त्याच्या आईने त्याला दाखवलं होतं. तिच्या शेपटीवर बसून तो तिथे पहिल्यांदा आला होता. त्याने डोळे पुसले आणि तो तडक वाळूवर गेला, कोलांटीच्या वर्गात. शिकायला नाही, हं. शिकणाऱ्यांच्या पाया पडायला.

वर्ग हुप्प्या गुरुजी घ्यायचे. ते वानर होते. माकड म्हातारं झालं तरी कोलांटी विसरत नाही, ही म्हण त्यांनी वर्गातल्या माडावर कोरून घेतली होती. पाण्यात मात्र त्यांनी जन्मात पाय घातला नव्हता.

"गुरुजी, तुम्ही एकदा मारून दाखवता का?" नागनाथ मुंगसाने विचारलं. नागनाथ धीट होता. नागाशी लढलेला होता आणि ते रोज सांगायचा.

गुरुजींनी उभ्या जागी वाळूत कोलांटी मारली. "ही घे."

"पाण्यावर म्हणतोय मी."

"पाणी हा तपशील आहे," गुरुजी म्हणाले. "पुस्तकी प्रश्न विचारू नकोस. म्हणा माझ्यामागे!"

मग सगळा वर्ग वाळूत रांगेने उभा राहून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायचा:

"दांडी सोडू नये! मागचा हात छातीशी ओढावा! मागच्या खांद्यावरून मागे बघावं! अंगाचा गोळा करावा!"

मुलांनो, गंमत म्हणजे हे चारही नियम अगदी बरोबर होते. कुरवाने ते वरून डुकराकडे बघून आणले होते. लाटेवरून फळी उडाली की मागच्या हाताने शीड आपल्याकडे ओढायचं. शिडात वारा कोंडतो आणि तोच फळी, शीड आणि आपण अशा सगळ्यांना मिळून पुढे उलटवतो. मान मागे वळली की अंग तिच्यामागे फिरतं, आणि अंगाचा गोळा केला की ते लवकर फिरतं. फक्त मध्येच दांडी सोडायची नाही. सोडली तर शीड एकीकडे जातं, आपण दुसरीकडे, आणि पाठीवर आपटलं की पाणी फरशीसारखं लागतं. नियम चार, समजायला सोपे. वर्गात सगळ्यांना ते तोंडपाठ होते. तुम्हालाही झाले असतील. म्हणून लगेच खाडीत उतरू नका.

पहिला नंबर नागनाथाचा. सगळं जंगल किनाऱ्यावर लोटलं. वाघोबा खुर्चीवर बसले. गुंडू एका होडीच्या सावलीत हात जोडून उभा होता आणि पुटपुटत होता, "नागूभाऊ, माझ्या वारुळासाठी सोडू नका हो."

आता त्या जंगलाच्या दोन रीती तुम्हाला सांगायला हव्यात. एक, कुणी काही करायला निघालं की तिथे आधीच टाळ्या वाजवत. केल्यानंतर वाजवण्यात काय अर्थ? तोवर लोक घरी गेलेले असतात. आणि दोन, टाळ्या वाजल्या की ज्याच्यासाठी वाजल्या त्याने हात जोडायचे. पिल्लू चालायला लागायच्या आधी त्याला हे शिकवत. "टाळ्या झाल्या ना? मग नमो कर. कर बघू नमो." पिल्लू नमो करायचं आणि सगळे पुन्हा टाळ्या वाजवायचे.

नागनाथ वाऱ्यावर सुटला. समोरून लाट आली. फळी लाटेवर चढली आणि उडाली. किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

नागनाथाने हवेत दांडी सोडली, हात जोडले, आणि म्हणाला, "आभारी आहे."

मग तो पाठीवर आपटला. आवाज पलीकडच्या जंगलापर्यंत गेला. डुकराने मान वर करून पाहिलं म्हणतात.

नागनाथाला बाहेर काढलं. त्याची पाठ लाल झाली होती. लगेच चर्चा सुरू झाली.

"एकाग्रता कमी पडली," गुरुजी म्हणाले.

"शिडाचं तोंड पूर्वेला नव्हतं," अस्वल अण्णा म्हणाले. अण्णा जंगलातले ज्येष्ठ होते आणि त्यांना दिशांचं फार होतं.

"इमारत नाही," कोल्हा म्हणाला.

हात का सुटले, हे कुणी बोललं नाही. टाळ्या झाल्यावर हात जोडणं यात चुकीचं कुणाला काय दिसणार? उलट सगळे म्हणाले, पोरगं पडलं, पण वळण चांगलं आहे.

मग अण्णा गेले. त्यांनी शिडाचं तोंड पूर्वेला केलं. वारा उत्तरेचा होता, त्यामुळे निघायलाच फार वेळ लागला. शेवटी लाट आली, अण्णा उडाले, टाळ्या पडल्या. अण्णांनी हात जोडले, आणि ज्येष्ठ असल्यामुळे त्यांनी "वाघोबा महाराज, व्यासपीठावरील मान्यवर" इथपर्यंत मजल मारली. पुढचं पाण्यात गेलं.

ससा तर टाळ्यांची वाट न पाहता निघतानाच हात जोडून उभा राहिला. तो उडालाच नाही. फळी पुढे गेली आणि ससा मागे राहिला.

गुंडू प्रत्येकाच्या मागे धावायचा. "नागूभाऊ, आणखी एकदा जा ना. अण्णा, तुमचं थोडक्यात हुकलं बघा. परत जा हो, उधाण जवळ आलं."

पण परत कोण जाणार? आपटलेल्या सगळ्यांचा प्रयत्न केल्याबद्दल सत्कार झाला होता. प्रत्येकाला शाल मिळाली, नारळ मिळाला. अंगावर शाल आल्यावर पाण्यात उतरता येत नाही, शाल भिजते. शिवाय ज्याचा सत्कार झाला तो आता जाणकार झाला. नागनाथ 'हवेतले क्षण' या विषयावर बोलू लागला. अण्णा दिशा शिकवू लागले. ससा निघण्याची पूर्वतयारी शिकवू लागला. होता होता वर्गात सगळे शिकवणारे उरले. शिकणारा कुणी राहिला नाही.

आणि पुनव उद्यावर आली.

"विद्यार्थी पाहिजे," गुरुजी अस्वस्थ होऊन म्हणाले. "विद्यार्थ्याशिवाय वर्ग म्हणजे शोभत नाही."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. होडीच्या सावलीत गुंडू उभा होता. सगळे त्याच्याकडे बघताहेत हे बघून तो गोळा झाला.

"हा चालेल," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीला जोर आला. वारा असा सुटला की माडांच्या झावळ्या एका बाजूला गेल्या. गुंडूला लोटत लोटत फळीपाशी आणलं, उलगडलं आणि वर उभं केलं. त्याचे पाय पट्ट्यांत अडकवले. दांडी हातात दिली. त्याची नखं लांब आणि वाकडी होती, ती दांडीभोवती बसली ती बसलीच.

"मला नाही जमायचं गं," तो यमूला म्हणाला.

यमू पाण्यात गुडघाभर उभी होती. तिलाही रडू येत होतं, पण तिने ते रागात मिसळून टाकलं. "नाही जमलं तर नाही जमलं. उद्या उपाशी मरायचं आहेच, आज पाण्यात मरून बघा. जा! आणि काय गोळा व्हायचं ते तिकडे व्हा!"

तिने फळी ढकलली.

गुंडू सुटला. शीड सैल सोडलं की फळी हळू होते, हे त्याला वर्गात सांगितलं होतं. पण सैल सोडायला हात सैल करावा लागतो, आणि भीतीने त्याचा हात सैल होईना. त्यामुळे तो आजवर कुणी गेलं नव्हतं इतक्या वेगाने निघाला. किनाऱ्यावरून सगळे जाणकार ओरडू लागले.

"एकाग्रता!"

"पूर्व! पूर्व!"

"क्षणात राहा!"

गुंडूचे कान केव्हाच मिटले होते.

समोरून उधाणाची लाट आली. हिरवी, उंच, वर पांढरी शेंडी असलेली. फळी तिच्यावर चढली आणि गुंडूच्या पायाखालून समुद्र गेला.

आता बघा हं, काय झालं. गुंडूला चारातला एकही नियम आठवत नव्हता. त्याला फक्त मरण दिसत होतं. मरताना घर एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्याने मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं. टेकाडावर वारूळ दिसलं. काठावर यमू दिसली, बोटाएवढी. मग त्याने हातात होतं ते घाबरून छातीशी ओढलं. आणि मग, जन्मभर केलं तेच, तो गोळा झाला.

किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. वाघोबांनी स्वतः वाजवल्या. बाकी कुणीही असता तर त्याने हात जोडले असते. गुंडूला काही ऐकू आलं नाही.

शिडात वारा कोंडला. डोलकाठी पुढे वाकली. आकाश खाली गेलं, खाडी वर आली, मग खाडी खाली गेली आणि आकाश जागच्या जागी आलं. फळी पाण्यावर चपकन बसली. तिच्यावर शीड उभं, दांडीला गुंडू लटकलेला, आणि फळी चालू लागली.

किनारा चिडीचूप झाला. खरंच काही घडलं तर काय करायचं, याची त्या जंगलात रीत नव्हती. टाळ्या तर आधीच वाजवून झाल्या होत्या.

फळी गोल फिरून काठाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन टेकली. सगळे धावले. गुंडू गोळाच होता. गुरुजींनी त्याला हलवलं. अण्णांनी त्याला पूर्वेकडे वळवलं. वाघोबांनी दोन्ही पंजांनी जोर लावला, तरी खवला उघडेना.

शेवटी यमू आली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, झालं. संपलं. चला जेवायला."

गुंडू उलगडला. "मी मेलो का?"

"नाही हो," यमू म्हणाली, आणि आता मात्र ती रडली. "वारूळ राहिलं आपलं."

गोष्ट इथे संपवता आली असती. तुमच्यातले जे चांगले विद्यार्थी आहेत त्यांनी इथेच उठून घरी जायला हरकत नाही. बाकीचे बसा.

संध्याकाळी गुंडूचा जाहीर सत्कार होता.

व्यासपीठ बांधलं होतं. आधी गुरुजी बोलले. गुंडू हा त्यांचा आवडता विद्यार्थी कसा, आणि त्याच्यातली निर्भयता त्यांनी कशी पहिल्याच दिवशी ओळखली, हे त्यांनी सांगितलं. मग नागनाथ बोलला, नागाविषयी. मग अण्णा. कोल्हा एका कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता. मागे त्याने तोडून ठेवलेल्या लाकडांचा ढीग होता.

वाघोबांनी गुंडूच्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला.

"गुंडू," ते म्हणाले, "शब्द दिला होता. माग. हवं ते माग."

पहिल्या रांगेत यमू बसली होती. तिने नाकाने टेकाडाकडे खूण केली. गुंडूला खुणेची गरज नव्हती. वाटेत येताना त्याने वाक्य घोकून घोकून पाठ केलं होतं. 'महाराज, आमचं वारूळ कायमचं आम्हाला राहू द्या.' सोपं वाक्य होतं. आणि आज त्याला भीतीही वाटत नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याचे कान सभेत उघडे होते.

गुंडूने तोंड उघडलं.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याचे हात जोडले गेले. नारळ पायावर पडला. आणि तोंडातून आपोआप, आईने शिकवल्याप्रमाणे, बाहेर आलं, "मला काही नको, महाराज. आपलं सगळ्यांचं प्रेम आहे, तेच पुष्कळ झालं."

टाळ्या दुप्पट झाल्या. "काय नम्रपणा! एवढं करून पाय जमिनीवर आहेत," असं सगळे म्हणाले. वाघोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. यमूने कपाळावर हात मारला.

गुंडू पुढे म्हणणार होता, 'म्हणजे फक्त वारूळ तेवढं,' पण टाळ्या थांबेनात, आणि टाळ्या थांबल्याशिवाय हात सुटेनात. तेवढ्यात कोल्हा उठून उभा राहिला. त्याचं तोंड आता पडलेलं नव्हतं.

"महाराज, इतक्या नम्र प्राण्याला रिकाम्या हाताने पाठवणं आपल्याला शोभत नाही. आपण त्याच्या नावाने भवन बांधू. गुंडू कोलांटी भवन!"

"वा!" वाघोबा म्हणाले. "कुठे बांधायचं?"

"त्याच्या घराशेजारीच बांधू. त्याला लांब पडायला नको. तिथे एक जुनं वारूळ आहे..."

पुढचं गुंडूला ऐकू आलं नाही. त्याचे कान मिटले होते.

दोघं घरी आले. गुंडू बिळाच्या तोंडाशी बसला होता. शाल अजून अंगावर होती. ती कशी काढायची ते त्याला कळत नव्हतं.

"हवेत नाही गं सोडलं मी," तो म्हणाला. "हवेत एवढं घट्ट धरलं होतं. जमिनीवर आल्यावर सुटलं."

यमूने शाल काढून घडी घातली. "झोपा आता," ती म्हणाली.

वारूळ सपाट झालं. त्यावर लाकडाचं टोलेजंग भवन उभं राहिलं. खांब सागाचे, छताची तक्तपोशी आंब्याच्या फळ्यांची. गुंडूला तहहयात अध्यक्ष केलं. त्याला वाळवीखेरीज सगळं मिळू लागलं, हार, गुच्छ, नारळ. खवले मांजराला यातलं एकही खाता येत नाही. दात नसतात त्याला, सांगितलं ना मघाशी. गुंडू आणि यमू रोडावले. यमूचे खवले सैल झाले. गुंडू अध्यक्षांच्या खोलीत बसून खिडकीतून खाडी बघायचा. कधीकधी दांडी धरल्यासारखे त्याचे हात मिटायचे.

एक दिवस दुपारी खोलीत कोणी नव्हतं. बाहेर गुरुजी शिकवत होते. तेव्हा गुंडूला आवाज आला. अगदी बारीक. कुरकुर, कुरकुर. त्याने खांबाला कान लावला.

मुलांनो, वारूळ वरून सपाट करता येतं. वाळवीची राणी खाली खोलवर असते, तिला सभेचं आमंत्रण नव्हतं. तिने पाहिलं, वरचं घर गेलं, पण माथ्यावर कुणीतरी सागाचं आणि आंब्याचं कोठार बांधून दिलंय. पूर्वी तिची प्रजा पालापाचोळ्यावर भागवायची. आता ती खांबात शिरली होती.

गुंडूने नखाने खांबाला एक भोक पाडलं. आत जीभ घातली. मग त्याने दार आतून लावून घेतलं आणि खिडकीतून यमूला हाक मारली.

त्या दिवसापासून अध्यक्ष भवनात जास्त वेळ देऊ लागले. सकाळी पूर्वेचा खांब, दुपारी तुळई, संध्याकाळी अध्यक्षांची खुर्ची. दोघांच्या अंगावर तेज आलं. यमू उपाध्यक्ष झाली. "संस्थेसाठी किती झिजतात दोघं!" असं जंगल म्हणू लागलं, आणि त्या झिजण्याबद्दल दरवर्षी त्यांचा सत्कार होऊ लागला. खांब पोकळ झाला की कोल्हा नवा खांब घालायचा, त्यामुळे कोल्हाही खूश. नवा खांब आला की वाळवी खूश. आतमध्ये गुरुजी, अण्णा, नागनाथ आणि ससा एकमेकांना शिकवत. तेही खूश.

एकदा पलीकडचा रानडुक्कर फळीवरून खाडी ओलांडून भेटायला आला. येताना त्याने लाटेवर सहज एक कोलांटी मारली. किनाऱ्यावर बघायला कुणीच नव्हतं.

"तुमच्याकडे हल्ली कोलांटी कोण मारतं?" त्याने दारातल्या कोल्ह्याला विचारलं.

"छे हो," कोल्हा म्हणाला. "आता आमच्याकडे भवन आहे."

डुकराने दाराच्या चौकटीला हात टेकला. चौकटीतून थोडा भुसा गळला. आतून कुणीतरी समाधानाने ढेकर दिला.

तात्पर्य : धैर्याने यश मिळतं, असं पेपरात लिहावं, गुण मिळतात. घरी लक्षात एवढंच ठेवावं, की हवेत असताना दांडी सोडू नये आणि शाल अंगावर पडायच्या आत काय मागायचं ते मागून घ्यावं. तेही राहून गेलं, तरी खचू नये. आणि एखादी संस्था आतून पोखरली जाताना ऐकू आली, तर आरडाओरडा करू नये. अध्यक्षांची जेवणाची वेळ असू शकते.